आत्याबाईंची एकादशी आणि गोव्याचा रोस

शिकरण कशाची? केळ्यांची. कशात? दुधात. मराठी घरात हा प्रश्न विचारलात तर लोक तुमच्याकडे जरा काळजीनेच पाहतील. मलाही 2025 च्या जून महिन्यापर्यंत यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटत नव्हते. त्या महिन्याच्या शेवटी मी बऱ्हाणपूरला माझ्या मावसबहिणीकडे गेले आणि पुढचे आठ-दहा दिवस दुधाशिवाय शिकरण कशी दाट होईल याच एका विवंचनेत घालवले. मुमताजमहलला जिथे मरण आले तो शाही किल्ला पाहायचा, कुंडी भंडाऱ्यात उतरायचे, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख पाहायचा, असे बेत करून गेलेली मी. त्यातला शिलालेख तेवढा पाहून झाला. बाकीचे दिवस मिक्सरपाशी गेले.

गोव्याहून बऱ्हाणपूर तसे दूर नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस आपल्याला भुसावळला उतरवते. तिथून उत्तरेकडची गाडी धरली की सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा अशी स्टेशने मागे पडतात आणि राज्य बदलते. बदलते म्हणजे पाट्या बदलतात. खिडकीतून दिसणारी केळी मात्र बदलत नाहीत. दोन्ही बाजूंना केळीच केळी. आपल्याकडे केळ म्हणजे परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली चार झाडे. इथे ती उसासारखी ओळीने लावलेली. बऱ्हाणपूर 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडव्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत त्याच्या नावापुढे केळे लागले. जळगावकडचे शेतकरी रोज सकाळी बऱ्हाणपूरच्या बाजाराचा भाव काय निघाला ते विचारतात. नवती, पिलबाग, वापसी असे त्या भावाचे प्रकार. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे कापलेल्या झाडाच्या पिलावर धरलेल्या बागेचा, आणि वापसी म्हणजे प्रतीत न बसल्याने मागे राहिलेला.

ताईच्या सासरी केळीचीच शेती. त्यामुळे घरात केळ्यांना तोटा नाही आणि केळ्यांचे कौतुकही नाही. ओसरीवर वापसीच्या फण्या पडलेल्या असतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने उचलून न्याव्यात. आपल्याकडे मयड्याची केळी पाहुण्याच्या हातावर कशी मोजून ठेवतात ते आठवून मला हसू आले.

या घरात ताईच्या सासूबाई आहेत. ताई त्यांना तिकडच्या रीतीने आत्याबाई म्हणते, म्हणून मीही म्हणते. वय 82. कधीकाळी मुक्ताबाईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत चाललेल्या बाई. महिन्याच्या दोन्ही एकादश्या आयुष्यात चुकवलेल्या नाहीत, बाळंतपणातल्या तेवढ्या सोडून, असे त्या स्वतः सांगतात. त्यांचा एकादशीचा आहार ठरलेला. सकाळी एक वाटी शिकरण, संध्याकाळी एक वाटी शिकरण. साबुदाणा त्यांना 'जड' वाटतो आणि भगर 'भातासारखी' लागते, मग तो उपास कसला?

आदल्या पावसाळ्यात त्यांचे पोट बिघडले. चांगले पंधरा-वीस दिवस बिघडले. त्यातून त्या उठल्या, पण दूध काही परत पचेना. पेलाभर दूध घेतले की तासाभरात पोट फुगायचे, कळा यायच्या आणि पुढचे सगळे. डॉक्टरांनी सांगितले, दुधातली साखर पचवणारे विकर आतड्यात कमी झाले आहे, दूध बंद. यात नवल काही नाही. जगातल्या जवळजवळ दोन तृतीयांश प्रौढांना ही साखर, म्हणजे लॅक्टोज, नीट पचत नाही. लहानपणी पचते, पुढे हळूहळू ती ताकद कमी होते. कुणाला ते कळते, कुणाला आयुष्यभर कळत नाही. आतड्याला मोठे दुखणे झाले की ते एकदम कळते, इतकेच.

दही-ताक थोडेफार चालेल असेही डॉक्टर म्हणाले होते, कारण विरजणात ती साखर बरीचशी मोडलेली असते. पण केळ्याबरोबर दही? आत्याबाईंनी कानावर हात ठेवले. केळे आणि दही-ताक हा विरुद्ध आहार, हे त्यांना त्यांच्या माहेरच्या वैद्यांनी सांगितलेले. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तसे आहेही. (त्याच ग्रंथांत दूध आणि फळे एकत्र घेऊ नयेत असेही म्हटले आहे, म्हणजे शिकरणसुद्धा बसत नाही. पण हे 82 वर्षांच्या बाईला सांगण्याचा आगाऊपणा मी केला नाही.)

परिणाम काय झाला? आत्याबाईंनी एकादशी सोडली नाही, शिकरण सोडली. दोन्ही वेळा नुसते पाणी आणि एखादे केळे. मे महिन्यातल्या एका एकादशीला संध्याकाळी दिव्यापाशी बसल्या बसल्या त्या कलंडल्या. कपाळाला खोक पडली. बऱ्हाणपूरचा मे म्हणजे सावलीतसुद्धा भाजून काढणारा. तेव्हापासून घरात आषाढीची धास्ती. ती 6 जुलैला होती. मी पोहोचले तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. ताईचा चेहरा पाहूनच मला कळले की पाहुणी म्हणून नव्हे, हाताखाली म्हणून आपल्याला बोलावले आहे.

"उपास सोडा म्हणावं," भावोजी म्हणाले. "तूच म्हण," ताई म्हणाली. विषय तिथेच संपला.

बरं, त्या गावात दुधाला नाही म्हणणे किती अवघड आहे याची कल्पना बाहेरच्याला यायची नाही. बऱ्हाणपूरचे नाव निघाले की लोक जी मावा जिलबी काढतात, ती खव्याची. कुणाच्याही घरी जा, आधी पेलाभर दूध पुढे येते. दूध नको म्हणणारा माणूस एक तर आजारी, नाही तर रुसलेला. आत्याबाईंना आपण आजारी आहोत हे गावाला कळायला नको होते, त्यामुळे शेजारणींत त्या रुसलेल्या म्हणून गणल्या जात होत्या.

आता आपण गोंयकार. आपल्याला यात अडचण ती काय वाटणार? मी पहिल्या रात्रीच ताईला म्हटले, "अगं, नारळ आण. आपण रोस काढू." विचार करा, आपले गोड पदार्थ आठवा. मणगणे रोसाचे. शिरवाळ्यांबरोबर रोस. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळून झाला की पुढ्यात येतात ते रोसातले फोव. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या नाताळातले दोदोल रोसाचे. यातल्या कशातही दुधाचा थेंब नाही आणि नाही याची आठवणसुद्धा कुणाला होत नाही. आज मासिकांतून 'डेअरी-फ्री' म्हणून जे छापून येते ते आमच्या आज्या आडोळीवर बसून खवत होत्या. इथून खाली मंगळूर-उडुपीकडे गेलात तर केळ्याचे काप नारळाच्या रोसात, गूळ-वेलची घालून करतात आणि त्याला 'रसायन' म्हणतात. म्हणजे दुधाविना शिकरण जन्माला घालायची नव्हतीच, नुसती रेल्वेने उत्तरेला न्यायची होती.

दुसऱ्या दिवशी नारळ आला. तिकडे नारळ म्हणजे श्रीफळ, देवापुढे ठेवायचे. स्वयंपाकात जाते ते सुके खोबरे, काळ्या मसाल्यातले. आडोळी नव्हतीच, म्हणून खोबरे सुरीने सोडवून, काळी पाठ काढून, तुकडे मिक्सरमध्ये घातले. कोमट पाणी घातले आणि पंचातून पिळले. दाट रोस वाटीभर निघाला. पिकलेली दोन केळी, थोडा गूळ, वेलची. मी चाखून पाहिले. पणजीत बसल्यासारखे वाटले.

आत्याबाईंसमोर वाटी ठेवत मी म्हटले, "घ्या आत्याबाई. नारळाच्या दुधातली शिकरण."

त्यांनी वाटी तोंडापर्यंत नेली आणि खाली ठेवली. "बाई, याले तं डोक्याले लावाच्या तेलाचा वास येते."

मी मोठ्याने हसले, मग गप्प झाले. कारण ते खरे होते. ज्या बाईने आयुष्यभर ताजा नारळ फक्त देवापुढे फोडलेला पाहिला आणि खोबरेल फक्त वेणीला लावले, तिच्या नाकात तो वास केसांचाच असणार. आपल्याला ज्या वासाने भूक लागते त्या वासाने तिला न्हाणीघर आठवते. शिवाय नारळही जुना निघाला होता, रोसावर तेलकट तवंग आला होता. पण ताजा आणला असता तरी उत्तर तेच आले असते असे मला वाटते.

भाची कॉलेजात शिकते, ती मदतीला धावली. तिच्या फोनवर सोयाबीनचे, ओट्सचे, बदामाचे अशा नाना दुधांची यादी. मी एकेक खोडत गेले. सोयाबीन उपासाला चालत नाही. ओट्स हे धान्य, तेही नाही. बदामाचे तयार पाकीट तिने बाजारातून आणले, ते मी पेल्यात ओतून पाहिले, पाणीच जास्त. वर त्यात साखर आणि वास. दुधाला पर्याय शोधणारे जगभर पुष्कळ आहेत, पण तो पर्याय एकादशीलाही चालला पाहिजे अशी अट घातली की दुकानातली सगळी फळी रिकामी होते. उरतात नारळ, शेंगदाणे, काजू, बदाम. म्हणजे पुन्हा आपले स्वयंपाकघर.

शेंगदाणे करून पाहिले. रात्रभर भिजवून, साले काढून वाटले. कच्चट वास आला. मग किंचित भाजून वाटले. रंग आला मातकट आणि चव थेट भगरीबरोबरच्या दाण्याच्या आमटीची. केळे घातलेली दाण्याची आमटी! ती भावोजींनी संपवली. त्यांना साखरेचा त्रास आहे, केळी त्यांना मोजूनच खायची असतात, पण त्या दिवशी कुणी मोजले नाही.

चौथ्या दिवशी मला माझी पिशवी आठवली. गोव्याहून निघताना आपण काय नेतो? काजूगर. नव्या मोसमाचे एक किलो मी ताईला दिले होते आणि तिने ते नीट डब्यात ठेवले होते, पाहुण्यांसाठी. मी तो डबा खाली काढला.

इथे जरा विषयांतर करते. 1601 च्या सुरुवातीला बऱ्हाणपूरजवळचा असीरगड पडला तेव्हा अकबराबरोबर गोव्याहून गेलेले जेझुइट पाद्री होते. त्याच वर्षी अकबराने गोव्याला वकील पाठवला आणि त्याच्याबरोबर बेंतो द गोइश हा जेझुइटही गोव्यात परतला. ब्राझीलचा काजू पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला तो त्याआधीच, सोळाव्या शतकात. तेव्हा कुणी बोंडू वा काजूगर बऱ्हाणपूरला नेले होते का, कोण जाणे. नेले असल्यास माझ्याआधी चारशे वर्षे. असो.

काजूचे एक बरे आहे. त्यात 40 टक्क्यांहून अधिक स्निग्धांश आणि जोडीला थोडा स्टार्च. चोथा जवळजवळ नाहीच. बदाम-शेंगदाण्याचे वाटण गाळावे लागते, काजूचे लागत नाही. भिजला की लोण्यासारखा वाटला जातो. वासही असा की कशातही लपतो. खोबऱ्यासारखा पुढे पुढे करत नाही.

माझी पहिली चूक अशी झाली की मी सगळे एकदमच मिक्सरमध्ये घातले. केळे लगेच मऊ झाले आणि काजूचे बारीक कण त्यात तसेच फिरत राहिले. कवळी लावणाऱ्या बाईला कण म्हणजे शिक्षाच. तेव्हा क्रम महत्त्वाचा. एका माणसाला 12 ते 15 काजू चार तास साध्या पाण्यात भिजवायचे. घाई असेल तर कढत पाण्यात अर्धा तास. ते पाणी फेकून आधी फक्त काजू, दोन-तीन चमचे नव्या पाण्यात, अगदी गंधासारखे वाटायचे. थोडे चिमटीत धरून पाहायचे, कण लागला तर अजून फिरवायचे. मग अर्धी-पाऊण वाटी पाणी घालून सैल करायचे आणि शेवटी केळी घालून दोन-चार झटके. जास्त फिरवले की केळे चिकट होते, आणि हवा मिसळून फेस येतो तो वेगळाच.

केळीही कुठली हे पाहायला हवे. पिवळीधमक, देखणी केळी यासाठी कामाची नाहीत. सालीवर काळे ठिपके पडलेली घ्यायची. कच्च्या केळ्यात असतो तो स्टार्च. पिकताना त्याची साखर होत जाते, आणि पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सैल होते. ठिपके पडले म्हणजे हे काम होत आले असे समजावे. मग वरून साखर लागत नाही. लागलीच तर एक बी काढलेला खजूर काजूबरोबर भिजत टाकावा. ताईकडे अशी ठिपक्यांची केळी ओसरीवर फण्यांनी पडलेली, ज्यांना बाजारात कुणी विचारत नाही. आपल्याकडे रसबाळी मिळाली तर मला वाटते याहून चांगली होईल, तिची गोडी वेगळी. पण ती दर वेळी मिळायला हवी ना.

सोबत चिमूटभर सैंधव, ज्याला आपल्या घरात शेंदेलोण म्हणतात ते, आणि लिंबाचे चार थेंब. मीठ गोडी उठवते. लिंबू रंग राखतो. केळे चिरले की हवेतल्या प्राणवायूने काळे पडते. ते काम त्यातल्या एका विकराचे, आणि आंबटाने ते मंदावते, थांबत मात्र नाही. म्हणून हे करून ठेवायचे नाही. केले की प्यायचे.

याच विकराची एक गंमत भाचीने शोधून काढली. तिला आजीच्या पेल्यात जांभळे घालायची होती, जूनअखेर बाजारात ढीग होते, आणि फोनवर दिसणाऱ्या स्मूद्या सगळ्या जांभळ्या. घालून पाहिली, रंग आला गटाराचा. मग तिनेच वाचून दाखवले की 2023 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी तपासले होते. केळ्याची स्मूदी घेतलेल्यांच्या रक्तात फ्लॅवेनॉल ही गुणकारी द्रव्ये 84 टक्क्यांनी कमी आढळली, बेरीच्या स्मूदीत तशी घट नव्हती. केळ्यातले तेच विकर ती द्रव्ये मोडून टाकते. म्हणजे जांभळे वेगळी खावीत, केळे वेगळे. मिश्रणाच्या हौसेला हे चांगले उत्तर आहे, आणि जांभळे नुसती मीठ लावून खाण्यात जी मजा आहे ती पेल्यात नाहीच.

आता सगळीकडे सांगतात की केळ्याचे काप गोठवून घाला, म्हणजे आइस्क्रीमसारखे दाट होते. खरे आहे. गोठलेले काप मिक्सरमध्ये फिरले की बर्फाचे अगदी बारीक कण गरात अडकून राहतात आणि जिभेला ते सायीसारखे लागतात. मुलांसाठी आम्ही तसेच केले, मुलांनी चाटून पुसून खाल्ले. पण आत्याबाईंना गार चालत नाही. घसा धरतो. माठातले पाणीसुद्धा त्या जूनमध्ये पितात, जुलैत नाही. तेव्हा बर्फाचा आधार काढून घेतल्यावर दाटपणा द्यायचा तो काजूनेच. गोठवले तर 6-7 काजू पुरतात. न गोठवता करायचे तर 15 लागतात. ही दोन मापे शोधायला माझे दोन दिवस गेले.

एकादशीच्या आदल्या दिवशी, दशमीला, मी वाटी घेऊन पुन्हा आत्याबाईंपुढे बसले. पांढरे, दाट, वर वेलचीची पूड. त्यांनी विचारले, "हे काय? दूध?"

मी "काजूचे दूध" म्हणायला तोंड उघडले आणि थांबले. पहिल्या दिवशी मी 'नारळाचे दूध' म्हटले होते. मराठीत आपण तसेच म्हणतो. आणि दूध म्हटले की जीभ दुधाशीच ताडून पाहणार. साय नाही, धारोष्ण वास नाही, म्हणजे हे खोटे. 2021 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतींपासून काढलेल्या पेयांवर 'दूध' हा शब्द वापरू नका असे कंपन्यांना बजावले, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचून हसले होते. म्हटले, नावाने काय होते? आता वाटते, निदान इतके तरी बरोबर होते. कोकणीत कुणीही नारळाचे दूध म्हणत नाही. तो रोस. त्याने आपण दूध असल्याचा दावा कधी केला नाही, म्हणून त्याला कुणी नकलीही म्हणाले नाही. आजारात, सुतकात, सणात, तो आपल्या नावाने पानात येतो.

"दूध नाही," मी म्हटले. "हा रोस. आमच्या गोव्याकडे असतो. यात केळे आहे, काजू आहे. उपासाला चालतो."

"रोस," त्यांनी म्हणून पाहिले. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "गोड कमी आहे, पण बरं आहे."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. नंतर पाहिले तर ओट्याला टेकून पदराने डोळे पुसत होती.

आषाढीच्या सकाळी आत्याबाईंनी आधी एक वाटी विठोबापुढे ठेवायला लावली, वर तुळशीचे पान. मला क्षणभर धाकधूक वाटली, काजूचा नैवेद्य त्यांच्या मनाला पटेल का. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि वाटी स्वतःकडे ओढली. संध्याकाळी दुसरी. मधल्या वेळेला राजगिऱ्याचा लाडू, कारण तोवर ताईने डॉक्टरांना फोन करून विचारले होते. काजूत दुधासारखे कॅल्शियम नसते. पेलाभर दुधात जे मिळते त्याच्या जवळपाससुद्धा 15 काजू जात नाहीत. राजगिऱ्यात ते बऱ्यापैकी असते, बाकीचे गोळीने द्या, असे ते म्हणाले. मूत्रपिंडाचा त्रास असता तर इतकी केळी दिली नसती, हेही. केळ्यात पोटॅशियम पुष्कळ. काजू-शेंगदाणे ज्यांना सोसत नाहीत त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. दिव्यापाशी त्या बसल्या, हरिपाठ म्हणून झाला, कुणीही कलंडले नाही. बाहेर पाऊस लागला होता आणि गल्लीतले यंत्रमाग नेहमीसारखे खडखडत होते.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे सोडून मी निघाले. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांना आत्याबाई सांगत होत्या की दूध त्यांनी आपण होऊन सोडले, कारण आता त्या रोस घेतात. गोव्याकडे सगळे रोसच घेतात, दूध कोणी पीत नाही, असेही त्यांनी सांगितले. मी काही बोलले नाही.

श्रावणात ताईचा फोन आला. काजू संपले. महिन्याला दोन एकादश्या, दर एकादशीला दोन वाट्या, वर भाचीचा हात डब्यात. मी म्हटले, पाठवते, पण अख्खे कशाला? वाटायचेच आहेत तर तुकडा घे, निम्म्याच्या आसपास भावात मिळतो. मागून आत्याबाईंचा आवाज आला, "काय म्हणते ती?" ताईने सांगितले. थोडा वेळ शांतता. मग आत्याबाई म्हणाल्या, घरच्यापुरता तुकडा चालेल, पण विठोबाच्या वाटीपुरते अख्खे पाठव म्हणावं. तेव्हापासून माझ्या दर पार्सलात एक मोठी पिशवी असते आणि एक लहान.